फॉर्मच्या चौकटीत न लिहिलेली मोकळी जागा येते कुठून?

पानसुपारी | रविवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे, त्याची छोटी वेबसाइट मी सांभाळते. सभासद साधारण साडेअकराशे. पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांवर चालते, सगळं मीच बांधलेलं. गेला महिनाभर तीन गोष्टींनी जीव मेटाकुटीला आलाय.

पहिली: अभिप्रायाच्या चौकटीत 'आपली सूचना इथे लिहा' असा फिकट मजकूर दिसायचा, तो दिसेनासा झालाय. चौकटीत क्लिक केलं की कर्सर कडेला न येता थोडा आत येऊन लुकलुकतो.

दुसरी: सभासदाचा पत्ता दुरुस्त करायला उघडला की तो उजवीकडे सरकलेला असतो. जतन करून पुन्हा उघडावा तर आणखी सरकलेला! एका आजोबांनी सदनिका क्रमांक, मग पिनकोड, मग गल्लीचं नाव असं करत सहा वेळा दुरुस्ती सांगितली. त्यांचा पत्ता आता चौकटीच्या अर्ध्यातून सुरू होतो.

तिसरी: काही सभासद शोधात सापडतच नाहीत. यादीत नाव डोळ्यांना दिसतं, तेच नाव शोधाच्या चौकटीत टाइप केलं की 'सभासद आढळला नाही'. शोध मी पीएचपीतच करते, सगळी यादी आणून नाव जुळवून बघते.

ही मोकळी जागा येते कुठून? मी तर कुठेच टाकलेली नाही.

कटिंगचहा | रविवार, रात्री ९:२२

आमच्या सोसायटीत स्कूटर लावायला वीतभर जागा मिळेना, आणि तुमच्याकडे आपोआप वाढतेय. पत्ता द्या, राहायलाच येतो. :)

(उत्तर माहीत नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे. मलाही हा त्रास झालाय.)

कंदील | रविवार, रात्री ९:४०

पानसुपारीताई, आधी एक गोष्ट पक्की करा. ती जागा खरोखरीचं अक्षर आहे की नुसती दिसण्यातली? सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भागात, पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी कड) वाढलं तरी मजकूर आत सरकतो.

चौकटीत क्लिक करा आणि कंट्रोल + ए दाबा. मोकळ्या जागेवरही निळी पट्टी आली तर तिथे स्पेस आहेत. पट्टी मजकुरापासूनच सुरू झाली तर सीएसएस बघा. दुसरी खूण म्हणजे होम बटण दाबून उजवा बाण मोजत जायचं. कर्सर जितक्या वेळा मोकळ्यातच हलला तितक्या स्पेस.

पानसुपारी | रविवार, रात्री १०:०५

केलं. पट्टी अगदी कडेपासून येते. रिकाम्या अभिप्रायाच्या चौकटीत बाण चार वेळा हलला. आजोबांच्या पत्त्याआधी मोजले, ४८! दोनदा मोजले.

टाकसाळ | रविवार, रात्री १०:३१

४८ म्हणजे सहा आठे. सहा दुरुस्त्या झाल्या म्हणालात ना? दर जतनाला आठ स्पेस चिकटताहेत. ताई, ती चौकट टेक्स्टएरिया (अनेक ओळी लिहायची चौकट) आहे का? असेल तर टेम्प्लेटमधल्या त्या ओळी कशा लिहिल्यात ते सांगा. एका ओळीत आहे की तीन ओळींत?

पानसुपारी | रविवार, रात्री १०:४८

हो, टेक्स्टएरियाच. तीन ओळी आहेत:

ओळ १: चार स्पेस, मग टेक्स्टएरियाचा उघडता टॅग
ओळ २: आठ स्पेस, मग पीएचपीने पत्ता एको केलाय (म्हणजे तिथे छापलाय)
ओळ ३: चार स्पेस, मग टेक्स्टएरियाचा बंद टॅग

अभिप्रायाच्या चौकटीत मधली ओळ नाही. उघडता टॅग, आणि पुढच्या ओळीवर चार स्पेस देऊन बंद टॅग.

आधी हे सगळं एकाच ओळीत होतं. गेल्या महिन्यात भाचा सुट्टीला आला होता. फायली बघून म्हणाला, 'मावशी, किती दाटीवाटीने लिहिलंयस,' आणि फॉर्मॅटर चालवून सगळं छान ओळीत लावून दिलं.

टाकसाळ | रविवार, रात्री ११:२०

सापडलं! भाच्याने प्रेमानेच केलं आणि बाकीच्या फायलींना ते शोभतंच. टेक्स्टएरियाला मात्र ते चालत नाही.

एचटीएमएलमध्ये इतर ठिकाणी टॅगांच्या मध्ये कितीही स्पेस टाका, ब्राउझर दाखवताना त्यांची एक करतो किंवा गिळून टाकतो. त्यामुळे सुबक दिसावं म्हणून आपण बिनधास्त स्पेस देतो. टेक्स्टएरियाच्या पोटात जे काही असेल तो मात्र वापरणाऱ्याचा मजकूर मानला जातो, स्पेससकट. फक्त एक सवलत आहे. उघडत्या टॅगला अगदी चिकटून नवी ओळ आली तर तेवढी एक ब्राउझर सोडून देतो.

आता तुमचा पत्ता घ्या. ओळ १ नंतरची नवी ओळ सोडून दिली गेली. मग ओळ २ च्या आठ स्पेस मजकुराच्या पुढे बसल्या आणि ओळ ३ च्या चार मागे. तुम्ही जतन केलं की बाराच्या बारा डेटाबेसात. पुढच्या वेळी उघडलं की त्यांच्यावर आणखी बारा. आजोबांच्या पत्त्यामागे २४ स्पेस असतील, एंड बटण दाबून बघा.

अभिप्रायाचंही तेच. आत चार स्पेस आहेत म्हणजे ब्राउझरच्या लेखी चौकट भरलेली आहे, आणि फिकट मजकूर फक्त रिकाम्या चौकटीत दिसतो.

उपाय एका मिनिटाचा. उघडता टॅग, एको आणि बंद टॅग एकमेकांना चिकटवून एका ओळीत आणा. एको करताना एचटीएमएल-स्पेशलचार्स लावलेलं असू द्या, नाहीतर कोणी पत्त्यात टेक्स्टएरियाचा बंद टॅग लिहिला तर पान मोडेल. आणि फॉर्मॅटरला ती ओळ वगळायला सांगा, म्हणजे भाचा दिवाळीत आला तरी काळजी नाही.

खडूफळा | रविवार, रात्री ११:३४

टाकसाळदादा, एक शंका. ओळ २ संपल्यावरही नवी ओळ आहे. मग पत्त्यानंतर एक रिकामी ओळ का वाढत नाही? ताईंनी तशी तक्रार केलेली नाही.

टाकसाळ | रविवार, रात्री ११:४१

छान पकडलंत. पीएचपीच्या बंद टॅगला लागून आलेली एक नवी ओळ पीएचपीच गिळतं. म्हणून फक्त स्पेस उरल्या. दुसऱ्या एखाद्या भाषेत हाच घोळ झाला असता तर पत्ता उजवीकडे सरकला असता आणि मागे रिकाम्या ओळीही साचल्या असत्या.

झटपट | सोमवार, सकाळी ८:१०

एवढं कशाला? जतन करताना ट्रिम() लावा, संपला विषय. दोन्ही टोकांच्या स्पेस उडतात.

कंदील | सोमवार, सकाळी ८:३२

ट्रिम लावायलाच हवा, पण विषय त्याने संपत नाही. फिकट मजकूर तरी कुठे परत येतो? चौकट उघडताना स्पेस येतच राहणार, माणूस त्यांच्या पुढेच लिहायला लागणार. छताला गळती आहे आणि आपण रोज खालची बादली बदलतोय, असं होईल.

याच ओघात आणखी एक. 'हे भरणं आवश्यक' असा रिक्वायर्ड लावला असेल तर एक स्पेस टाकूनही ब्राउझरची ती अट पूर्ण होते, त्याच्या दृष्टीने चौकट रिकामी नसते. म्हणून सर्व्हरवर ट्रिम करून मग रिकामं आहे का ते तपासायचं. आमच्या एका नोंदणीत चाळीसेक जणांचं आडनाव म्हणजे नुसती एक स्पेस होती.

ओवीकार | सोमवार, सकाळी ९:५०

इतके दिवस रोमात (नुसती वाचत) होते, हा धागा बघून लिहावंसं वाटलं.

आमच्या इथे याच्या उलट झालं होतं. मी कवितांच्या एका छोट्या संकेतस्थळाचं काम बघते. एका कवयित्रीला कवितेच्या सुरुवातीला एक ओळ मोकळी हवी होती. त्या द्यायच्या, जतन व्हायची. पण कविता दुरुस्तीला उघडून पुन्हा जतन केली की गायब. टाकसाळ म्हणतात ती 'सोडून दिलेली पहिली नवी ओळ' नेमकी कवितेची होती! शेवटी आम्ही उघडत्या टॅगनंतर मुद्दाम एक नवी ओळ द्यायला लागलो. ब्राउझर ती आमची ओळ टाकतो आणि कवयित्रींची शाबूत राहते. रेल्स आणि जँगो ही वेबसाइट बांधायची तयार साधनं ही जास्तीची ओळ स्वतःहून घालतात, हे नंतर कळलं.

कवितेत मोकळी जागाही लिहिलेलीच असते, म्हणून तिथे ट्रिम लावताना माझा हात थबकतो.

टाकसाळ | सोमवार, सकाळी १०:१५

ओवीकार, हे फार मोलाचं सांगितलंत. पत्त्याला ट्रिम हवा, कवितेला नको. चौकटीत काय लिहिलं जाणार यावरून ठरवायला हवं.

पानसुपारी | सोमवार, संध्याकाळी ६:४०

मंडळी, दंडवत! टॅग एका ओळीत आणले आणि 'आपली सूचना इथे लिहा' परत आलं. वाचनालयातच केलं, शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या काकांना दाखवलं तर तेही खूश.

आता आधीचे सरकलेले पत्ते कसे निस्तरू? एकेक उघडून?

कंदील | सोमवार, संध्याकाळी ७:०२

एकेक नको. पण आधी बॅकअप घ्या. टेबलाची पूर्ण प्रत उतरवून दुसऱ्या जागी ठेवा, मगच हात लावा.

मग नुसतं बघायची क्वेरी चालवा: पत्त्याची लांबी आणि ट्रिम केलेल्या पत्त्याची लांबी यांत फरक असलेल्या नोंदी किती? आकडा पटला तर अपडेट. लांबी मोजायला मायएसक्यूएलमधलं कॅर-लेंग्थ वापरा. नुसतं लेंग्थ बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, त्यामुळे आकडे बघून गोंधळायला होतं. मायएसक्यूएलचा ट्रिमही फक्त स्पेस काढतो, टॅब आणि नव्या ओळी तशाच ठेवतो. तुमच्या बाबतीत स्पेसच आहेत, भागेल.

पानसुपारी | मंगळवार, सकाळी ११:३०

बॅकअप घेतला, ३१२ नोंदींत फरक निघाला, सगळे पत्ते जागेवर आले. आजोबांचाही.

राहिली तिसरी गोष्ट. नावाची चौकट टेक्स्टएरिया नाही, साधा इनपुट आहे. तिथे हे कारण लागू होत नाही ना? तरी काही नावं सापडत नाहीत.

टाकसाळ | मंगळवार, दुपारी १२:०५

नाही, हा वेगळा प्राणी आहे. न सापडणारं एक नाव घ्या आणि पीएचपीत बिन-टू-हेक्समधून छापा, म्हणजे प्रत्येक बाइटचा संकेत दिसेल. नाव आणि आडनाव यांच्या मध्ये काय येतं ते सांगा. साधी स्पेस असेल तर २० दिसेल.

पानसुपारी | मंगळवार, दुपारी १२:२०

२० नाही. सी२ए० आहे. न सापडणारी तीन नावं बघितली, तिन्हींत!

टाकसाळ | मंगळवार, दुपारी १२:३८

वाटलंच होतं. सी२ए० म्हणजे युनिकोडमधली (संगणकाच्या अक्षरांच्या यादीतली) १६० क्रमांकाची, न तुटणारी स्पेस. दिसायला साध्या स्पेससारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळं अक्षर. दोन शब्द ओळीच्या शेवटी तुटून वेगळे पडू नयेत म्हणून ती असते. वर्डमध्ये कंट्रोल + शिफ्ट + स्पेस दाबलं की उमटते, वेबपानावरून उतरवलेल्या मजकुरात तर सर्रास येते. ही नावं कुठून तरी चिकटवलेली असणार.

पानसुपारी | मंगळवार, दुपारी १२:५५

बरोबर! जुनी यादी आधीच्या ग्रंथपालांनी वर्डमध्ये केली होती, त्यातून एक्सेलमध्ये आणि तिथून इकडे. पण मी एक्सेलमध्ये ट्रिम चालवला होता की!

खडूफळा | मंगळवार, दुपारी १:१०

एक्सेलचा ट्रिम १६० ला हात लावत नाही. आधी सब्स्टिट्यूटने कॅर(१६०) च्या जागी साधी स्पेस घालायची, मग ट्रिम. शाळेच्या हजेरीपटांवर मी हे वर्षातून दोनदा करतो.

शिलालेख | मंगळवार, दुपारी २:०० 

ट्रिम हे नाव एक असलं तरी प्रत्येकाचं वागणं वेगळं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचा ट्रिम टोकाची १६० काढतो. पीएचपीचा साधा ट्रिम काढत नाही, ८.४ पासून एमबी-ट्रिम आला तो काढतो. पायथनचा स्ट्रिप काढतो. जावात तर मी दोन दिवस घालवले. जुना ट्रिम काढत नाही म्हणून जावा ११ मधला नवा स्ट्रिप लावला, तोही १६० सोडून देतो. म्हणून ब्राउझरमध्ये जुळणारी गोष्ट सर्व्हरवर जुळत नाही.

आणि हे सगळे टोकांचेच. ताईंची १६० तर नाव-आडनावाच्या मध्ये बसलीय, तिथे कुठलाच ट्रिम पोचत नाही. शोधून बदलावीच लागेल.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये बघायचं असेल तर मजकूर एन्कोड-यूआरआय-कंपोनंटमधून काढा. साधी स्पेस %२० दिसते, ही %सी२%ए० दिसते. जेसन-स्ट्रिंगिफायवर विसंबू नका. त्यात नवी ओळ आणि टॅब उघडे पडतात, पण १६० नुसती मोकळी जागा म्हणूनच दिसते.

सेतूवाला | मंगळवार, रात्री ८:४५

मी प्रोग्रामर नाही, अर्ज भरून द्यायचं केंद्र चालवतो. पण ह्या मोकळ्या जागेनं आमच्याकडं काय होतंय ते सांगतो.

आधार १२ आकडी. कार्डावर चार-चार-चार असं छापलेलं असतं, मध्ये जागा सोडून. पोरं मोबाइलवर तसंच लिहून ठेवतात आणि आम्हाला पाठवतात. आम्ही कॉपी करून अर्जात चिकटवतो. मधल्या दोन जागा धरून ती झाली १४ अक्षरं. अर्जाची चौकट घेते १२. मागचे दोन आकडे जातात उडून, काही सांगत पण नाही. वर लाल अक्षरात येतं, 'आधार क्रमांक चुकीचा'. गर्दीच्या दिवसात बाहेर वीस माणसं उभी असतात, आतमध्ये एक आजी सांगतेय की 'बाळा, माझा नंबर खरा हाय'. आजीचाच नंबर खरा असतो.

पॅनचं तर अजून वाईट. १० अक्षरं, पुढं एक जागा चुकून आली की शेवटचं अक्षर गळतं, आणि ते शेवटचं गळालेलं पटकन ध्यानात येत नाही.

आता मी आधी नोटपॅडमध्ये चिकटवतो, जागा काढतो, मग अर्जात. तुम्ही लोक अर्ज बनवता म्हणून सांगतो, चौकटीला १२ ची मर्यादा घालू नका. सगळं घ्या आणि जागा तुम्ही काढा.

ओवीकार | मंगळवार, रात्री ९:०५

सेतूवाले भाऊ, '+१' पुरायचं नाही इतकं पटलं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कंदील | मंगळवार, रात्री ९:१८

मी आज माझ्या दोन अर्जांतली मॅक्सलेंग्थ (चौकटीतल्या अक्षरांची मर्यादा) काढली. सर्व्हरवर आधी स्पेस आणि जोडरेघा काढायच्या, मग आकडे मोजायचे. लोकांनी नंबर कसाही लिहावा.

मोबाइलची आणखी एक खोड. कीबोर्ड सुचवतो तो शब्द निवडला की तो पुढे एक स्पेस स्वतःहून टाकतो. लॉगिनच्या नावामागे ती चिकटते आणि 'असा वापरकर्ता नाही' येतं. इनपुटचा प्रकार ईमेल ठेवला तर टोकाच्या साध्या स्पेस ब्राउझरच काढतो. टेक्स्ट प्रकारात फक्त नव्या ओळी काढतो, स्पेस ठेवतो.

झटपट | मंगळवार, रात्री ९:३०

आणि पासवर्ड? तिथेही ट्रिम लावाच. लोक व्हॉट्सअॅपवरून चिकटवतात, मागे स्पेस येते आणि मग 'चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड'.

शिलालेख | मंगळवार, रात्री ९:५२

इथे मी असहमत. कोणी पासवर्ड म्हणून अख्खं वाक्य ठेवलं, शेवटी मुद्दाम स्पेस दिली, तर तो त्याचा पासवर्ड आहे. बनवताना ट्रिम नाही आणि लॉगिन करताना आहे, असं झालं तर तो माणूस कायमचा बाहेर.

झटपट | मंगळवार, रात्री १०:००

मुद्दाम स्पेस देणारा मी तरी पाहिलेला नाही. चुकून देणारे रोज बघतो.

टाकसाळ | मंगळवार, रात्री १०:२०

दोघांचंही धरून एक मार्ग आहे. आधी जसा आला तसा तपासा. जुळला नाही तर टोकाच्या स्पेस काढून एकदा आणखी तपासा. मुद्दाम देणाऱ्याचाही चालतो, चुकून चिकटवणाऱ्याचाही. पण पासवर्डसाठी वेगळा धागा काढा, ताईंची नावं राहून जातील.

झटपट | बुधवार, सकाळी ८:०५

ताई, नावांसाठी एकदाच काय ते साफ करून टाका. १६० च्या जागी साधी स्पेस, आणि ८२०३ ते ८२०७ आणि ६५२७९ क्रमांकाची सगळी अक्षरं उडवा. ही न दिसणारी अक्षरं आहेत, शून्य रुंदीची. त्यांचा कोणाला काही उपयोग नाही. रेगेक्सची (नमुना देऊन मजकूर शोधायची-बदलायची रीत) एक ओळ पुरते.

पानसुपारी | बुधवार, सकाळी ११:१५

केलं! ती तिन्ही नावं सापडताहेत. मनापासून आभार, झटपट.

पानसुपारी | गुरुवार, दुपारी ४:५०

मंडळी, गडबड झालीय. सभासदकार्डं छापायला घेतली होती. वऱ्हाडपांडे आजोबा (तेच, पत्तेवाले) कार्ड घेऊन परत आले. नाव 'वर्हाडपांडे' छापलंय, ऱ्ह मोडून ह वर रफार. 'माझं आडनाव असं नाही हो,' इतकंच म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

मी टाइप करताना चूक केलेली नाही, महिन्यापूर्वीच्या यादीत बरोबर आहे. कऱ्हाडकर आडनावाच्या दोन सभासदांचंही असंच झालंय. पण तिसऱ्या कऱ्हाडकरांचं बरोबर आहे! असं कसं?

लिपीवेडा | गुरुवार, संध्याकाळी ५:३५

हे कालच्या रेगेक्समुळे झालं. ८२०५ उडवलं, तिथेच घात झाला.

मराठीतला ऱ्य आणि ऱ्ह लिहायच्या दोन रीती चालत आल्यात. पहिली, खाली टिंब असलेला ऱ (२३५३), हलन्त, आणि पुढचं अक्षर. दुसरी जुनी रीत, साधा र (२३५२), हलन्त, आणि मग ८२०५ हे न दिसणारं जोडचिन्ह. त्या जोडचिन्हाचं काम एवढंच की 'या र चा रफार करू नकोस, आडवी चंद्रकोर कर' असं संगणकाला सांगायचं. ते काढलं की उरतो र + हलन्त + ह, त्याचा रफारच होणार. ज्या कऱ्हाडकरांचं नाव पहिल्या रीतीने टाइप झालं होतं ते वाचले, दुसऱ्या रीतीचे दोघे सापडले.

आपल्या भाषेत हा फरक शोभेचा नाही. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक होतो, आचार्यांना बोलावलं तर प्रवचन. शून्य रुंदीचं असलं म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही.

८२०४ चंही तसंच. जोडाक्षर होऊ न देता पाय मोडलेला दाखवायला ते लागतं. आणि आई-बाबा-मुलांची जी कुटुंबाची इमोजी असते ना, ती माणसंही ८२०५ नेच जोडलेली असतात. काढलं की कुटुंब फुटून वेगवेगळे चेहरे दिसतात.

झटपट | गुरुवार, संध्याकाळी ५:५०

ताई, चूक माझी. मला हे माहीत नव्हतं आणि मी 'कोणाला उपयोग नाही' असं ठामपणे लिहिलं. आजोबांची माझ्या वतीने माफी मागा. दुरुस्तीला लागेल ती मदत करतो, स्क्रिप्ट मी लिहून देतो.

पानसुपारी | गुरुवार, संध्याकाळी ६:००

झटपट, तुम्ही मदतीलाच आला होता. सोमवारचा बॅकअप आहे माझ्याकडे. कंदील यांनी घ्यायला लावला म्हणून. बुधवारनंतर नवे सभासद फक्त दोन झालेत.

लिपीवेडा | गुरुवार, संध्याकाळी ६:२५

मग सोपं आहे. बॅकअपमधून फक्त नावाचा रकाना परत आणा, पत्ते नीट झालेत त्यांना हात नको. मग याच क्रमाने करा. आधी जिथे जिथे र + हलन्त + ८२०५ आहे तिथे ऱ + हलन्त घाला, म्हणजे दोन्ही रीती एक होतील. त्यानंतर १६० च्या जागी साधी स्पेस. मग ८२०३ आणि ६५२७९ काढा. ८२०४ आणि ८२०५ यांना नावांमध्ये राहू द्या.

आणि हाच बदल शोधाच्या चौकटीत लिहिलेल्या शब्दालाही लावा, जुळवण्याआधी. नाहीतर मोबाइलवरून जुन्या रीतीने टाइप करणाऱ्याला आजोबा सापडणार नाहीत.

शिलालेख | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

८२०६ मात्र काढा. ते डावीकडून-उजवीकडे अशी दिशा सांगणारं चिन्ह. विंडोजमध्ये सुरक्षा-सर्टिफिकेटचा थंबप्रिंट (ओळख पटवणारा संकेत) कॉपी केला की पुढे ते चिकटून येतं आणि सगळं बरोबर असून जुळत नाही. फोनमधून कॉपी केलेल्या मोबाइल नंबरांभोवती ८२३४ आणि ८२३६ सापडतात, तीही याच घराण्यातली. मराठी नावात यांचं काम नाही.

खडूफळा | गुरुवार, रात्री ८:१०

माझ्या हजेरीपटात मीही सरसकट उडवत होतो. आत्ता उघडून बघितलं. एका बिऱ्हाडे आडनावाच्या मुलाचं नाव सहामाहीपासून चुकीचं छापतोय मी. उद्या पहिल्या तासाला दुरुस्त करतो.

पानसुपारी | शनिवार, संध्याकाळी ७:३०

सगळं मार्गी लागलं. झटपट यांनी स्क्रिप्ट दिली, लिपीवेडा यांनी ती तपासली. आता कुठल्याही रीतीने टाइप करा, तिन्ही कऱ्हाडकर एकत्र येतात.

फक्त एक राहिलं. अभिप्रायाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. ब्राउझर २०० पर्यंत लिहू देतो, पण काहींना सर्व्हर 'मर्यादा ओलांडली' म्हणतो. ज्यांनी मध्ये ओळी सोडल्यात त्यांनाच होतं असं दिसतंय. हीही मोकळी जागाच का?

टाकसाळ | शनिवार, रात्री ८:०५

हो, तिचीच धाकटी बहीण. ब्राउझर चौकटीत नवी ओळ एक अक्षर धरतो, पण अर्ज पाठवताना तिची दोन अक्षरं करून पाठवतो, क्रमांक १३ आणि १०. सात ओळी सोडल्या की सर्व्हरला सात जास्त दिसतात. मोजण्याआधी १३-१० च्या जोडीचं नुसतं १० करा आणि बाइट नाही, अक्षरं मोजणारं एमबी-स्ट्रलेन वापरा.

आणि जमलं तर २०० चे ५०० करा. ब्राउझर 'क्षि' ची चार अक्षरं मोजतो: क, हलन्त, ष, वेलांटी. मराठीत २०० म्हणजे दोन-तीन वाक्यांत संपतं. वाचनालयाला सूचना लिहिणाऱ्याला तेवढ्यात काय सांगता येणार?

पानसुपारी | रविवार, दुपारी १२:१०

केलं, ५०० केलं. सात ओळींचा अभिप्राय लिहून पाहिला, गेला.

आजोबांचं कार्ड काल पुन्हा छापलं आणि आज सकाळी घरी नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून ऱ्ह वर बोट ठेवून बघितलं आणि आतून काकूंना हाक मारली, 'अगं, बघ, आपलं नाव आलं.' मग चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.